साडीच्या पिशवीतले रिपोर्ट

"स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनचा उपयोग नाही. घरी न्या आणि जपा."

हे बाहेर बाकावर चहा पीत बसले होते. आत मी आणि माझे दीर. बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून करतात ती तपासणी, तिचा रिपोर्ट टेबलावर होता. दीर मला म्हणाले, "वयनी, दादाला कळता कामा न्हाई. हाय खाईल तो." मी मान हलवली. पुढं वर्षाच्या वर मला झोप लागली नाही ती त्या मान हलवण्यापायी.

दवाखान्याच्या पिशवीवर ठळक अक्षरांत कॅन्सर छापलेलं. ती मी तिथंच टाकली. डबा ज्या कापडी पिशवीतून आणला होता ती साडीच्या दुकानाची होती, पुतणीच्या बस्त्याची. डबा दिरांच्या हातात दिला आणि रिपोर्ट तिच्यात कोंबले.

"काय म्हनलं डॉक्टर?" ह्यांनी विचारलं.

"कावीळ जुनी झालीय म्हणाले."

"मंग त्यात काय एवढं," म्हणाले आणि राजुरीला घर येईपर्यंत गाडीत झोपून आले.

पुढच्या तपासणीला जाताना पिशवीचा एक बंद तुटला. घरी आल्यावर खुंटीला तशीच अडकवली. दोन दिवसांनी बघते तर बंद शिवलेला. सासूबाईंनी शिवला असेल म्हटलं. मला तेव्हा कुठं शुद्ध होती?

दुखणं वाढलं. नर्सताई घरी यायच्या, मॉर्फिन द्यायच्या. ते कळ मारणारं औषध. ह्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार बरा होणार नसला तरी माणसाचं दुखणं हलकं करायचं, एवढाच त्याचा अर्थ.

एका दुपारी हे म्हणाले, "मेंढरांचं काय करायचं ते बोलून घेऊ." सासऱ्यांच्या कळपातली बारा मेंढरं ह्यांनी हौसेनं राखली होती. मी खेकसले, "अभद्र बोलू नका. तुम्हीच बघाल त्यांचं." ते भिंतीकडं वळले. पुन्हा तो विषय काढला नाही. पंधरा दिवसांनी गेले.

लोक म्हणायचे, सुटला बिचारा. माझं मन मात्र एकाच जागी अडकलेलं. चोवीस वर्षांचा संसार, आणि माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून माणूस गेला. मी त्याला निरोपसुद्धा घेऊ दिला नाही.

वर्षानं नर्सताईच म्हणाल्या, घरात बसून कुढण्यापेक्षा आमच्याबरोबर आजाऱ्यांच्या भेटींना चला. जुन्नरला चार दिवस शिकवलं. कूस कशी बदलायची, तोंड कसं पुसायचं, आणि मुख्य म्हणजे आपण गप्प कसं बसायचं. बाकी सगळं जमलं. गप्प बसणं मला अजून जड जातं.

आणे गावातल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडं जायला लागले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. पहिल्याच दिवशी सुनेनं दारात ओठावर बोट ठेवलं. "त्यांना म्हाईत न्हाई, ताई. अल्सर सांगितलाय." आत खुंटीला बियाण्याच्या कंपनीची पिशवी फुगून लटकलेली. आत काय असणार ते मी ओळखलं.

तिसऱ्या भेटीत मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. सून पाण्याला गेलेली. तात्या म्हणाले, "बाय, त्या पिशवीत बी न्हाई. मला ठावं हाय."

"मग बोलत का नाही?"

"पोरं लई झटत्यात. त्या खोट्याच्या आधारानं उभी हायेत. मी बोललो तर खाली बसत्याल." थोडं थांबून म्हणाले, "पन कुनाला तरी सांगाया पायजे. काळी मेंढी लेकीला द्यायची. तिनं लहानपनी दूध पाजून वाढिवलेल्या मेंढीचं वाण हाय ते. मी गेल्यावर पोराला सांग."

मी हू की चू केलं नाही. सगळं ऐकलं. फाट्यावर एसटीची वाट बघताना मात्र ढसाढसा रडले.

घरी आल्या आल्या ट्रंकेतली साडीची पिशवी काढली. "आत्याबाई, हिचा बंद तुम्ही शिवला होता ना?"

"मला कुठं सुईत दोरा ववाया दिसतंय?" सासूबाई म्हणाल्या.

उजेडात नेऊन बघितलं. जाड लोकरीचा दोरा, दाभणाचे टाके, शेवटी दुहेरी गाठ. घोंगडीचे दोन पट्टे आमचे हे असेच जोडायचे. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला ते येत नाही. आणि आतले कागद काढल्याशिवाय तिथं दाभण चालत नाही. माणूस दहावी शिकलेला होता.

त्यांना ठाऊक होतं. पिशवी वाटेत फाटून माझं खोटं उघडं पडू नये म्हणून त्यांनी ती शिवून ठेवली. दुःख त्यानं कमी झालं नाही, उलट जास्तच भरून आलं. पण त्या रात्री मी झोपले.

तुमच्या घरी अशी पिशवी असेल तर सांगावं की लपवावं, हे मी सांगणारी कोण? एवढंच म्हणते, आजारी माणूस मेंढरांचं बोलायला लागला की त्याला गप्प करू नका. हातातलं काम ठेवा आणि जवळ बसा.

तात्या गेले. काळी मेंढी लेकीकडं पोचली. मी भेटींना जाताना तेलाची बाटली आणि मऊ फडकी त्याच साडीच्या पिशवीत नेते. बंद अजून पक्का आहे.