सिगारेटच्या पाकिटातली वाद्यं

अण्णा गेल्याची बातमी मला निपाणीच्या मोटार अड्ड्यावर कळली. बेळगावहून आलेल्या गाडीवाल्याबरोबर दत्तूनं निरोप धाडला होता. मी शहापूरला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं... थोरल्या भावाचं तोंडसुद्धा मला दिसलं नाही. वहिनी आत बसली होती, आणि दारात दत्तू, आमचा धाकटा, येईल त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडत होता.

अण्णा विणकर. आजा मागावर, बाप मागावर, तसाच तोही. लुगडी विणण्यात जन्म गेला. गाण्याचं वेड आमच्या घरात कुणालाच नव्हतं, त्याला ते कुठून लागलं कोण जाणे. बेळगावात बैठक आहे असं कानावर आलं की काम आटोपून चालत जायचा, आत जागा नसली तर बाहेर उभा राहून ऐकायचा. वाद्य घेण्याची ऐपत नव्हती. त्या काळी एका कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटात एकेक रंगीत चित्र यायचं, कधी बीन, कधी सनई, कधी काखेत पिशवी धरून फुंकायचं विलायती वाद्य. अण्णानं ती जमवायला घेतली. तो स्वतः ओढत नसे. ओढायचा दत्तू, पाकीट उघडलं की चित्र अण्णाकडं. निपाणीत सगळा बिडीचा तंबाखू, सिगारेटी ओढणारे म्हणजे बाहेरगावचे व्यापारी. त्यांनी फेकलेली पाकिटं मी उचलून बघायची. लग्न झालेली बाई रस्त्यात वाकते म्हणून लोक हसायचे. संच पुरा झाला तेव्हा अण्णानं मला मुद्दाम बोलावून घेतलं, चटईवर सगळी चित्रं ओळीनं मांडली, आणि हात पुसल्याशिवाय एकालाही शिवू दिलं नाही.

वडील वारले, वाटण्या झाल्या. माग वाटले, भांडी वाटली, घरात मधोमध भिंत घालायचं ठरलं. सगळं संपल्यावर दत्तू म्हणाला, "आणि चित्रं?"

पंच हसले. अण्णा म्हणाला, "ती माझी हाईत."

"पाकिटं कुणी ओढली? छाती माझी जळली, अण्णा."

एका पंचानं पत्ते पिसून वाटावेत तशी एक याला, एक त्याला अशी ती वाटून टाकली. पुढं महायुद्ध आलं, पाकिटातून चित्रं येणंच बंद झालं, आणि मोडलेला संच पुन्हा जुळवायची आशाही संपली.

तेराव्यानंतर मी दत्तूकडं गेले. बैठकीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत चित्रं होती. सगळी. एक कमी नव्हतं.

"अण्णाची तुझ्याकडं कशी रं?"

"त्यानंच दिली की, आक्का." मग शेजारच्या पाहुण्याकडं वळून म्हणाला, "आमच्या अण्णालाबी जरा नाद होता ह्याचा."

जरा...

खरं काय ते वहिनीनं सांगितलं. भिंत उभी राहिली त्याच आठवड्यात अण्णा आपली अर्धी चित्रं स्वतः नेऊन देऊन आला. ती भांडली. तो म्हणाला, "दोघांकडं फुटकं ऱ्हाण्यापरीस एकाकडं पुरं ऱ्हाऊ दे. बघायला जाईन की." गेलाही. दत्तूनं त्याला कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं, आत ये म्हणाला नाही. पुन्हा एकदा गेला, तेव्हाही तेच. त्यानंतर अण्णा गेला नाही. सख्ख्या भावाला शिव्याशाप देऊ नयेत म्हणतात. मी दिले नाहीत, पण ते ओठाशी आलेले अजून गिळवत नाहीत.

निघायच्या दिवशी दुपारी मी अण्णाच्या मागाशी बसले होते. माग बंद होता. वहिनी रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. भिंतीपलीकडं दत्तूकडं कुणीतरी आलं होतं, त्यांना तो चित्रं दाखवत होता. शब्द न् शब्द इकडं ऐकू येत होता.

"आणि हा दिलरुबा," दत्तू म्हणाला.

"सारंगी," वहिनी हळूच म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं सुतावरची नजर काढली नाही.

"हेही इथनं असंच म्हणायचे," ती म्हणाली. "दरवेळी. माग थांबवून."