चटईखालची सहावी पायरी

सामोआतल्या त्या किनाऱ्यावरच्या शाळेत यानेताबाई अकरा वर्षं शिकवत होत्या. गोष्टीवर प्रश्न विचारायच्या सहा पायऱ्या त्यांना झोपेतही पाठ होत्या: आठवा, समजून सांगा, वापरून दाखवा, उकलून पाहा, न्याय करा, नवं रचा. पोरं चौथ्या पायरीपर्यंत टणाटण चढत आणि पाचव्या पायरीला हमखास बसकण मारत. थोरांचं चुकलं म्हणायचं म्हणजे घरी मार ओढवून घेणं. निरीक्षक लाफाएलेसाहेबांनी यावरून दोनदा शेरा मारला होता. यंदा तिसरा पडला की बदली, थेट दुसऱ्या बेटावर. बाईंच्या आईची समाधी घरासमोरच होती. तिला सोडून जाणं बाईंना नको होतं.

तपासणीच्या दिवशी त्यांनी गावचीच गोष्ट काढली. जुन्या सरदारांनी शेजारच्या गावाचं कासव पळवलं, ती. त्यांचे नातू, आताचे म्हातारे सरदार लेआफू, मागच्या चटईवर मिशीत हसत ऐकत होते. साहेब नेमके त्या शेजारच्याच गावचे, हे बाईंना पाचव्या पायरीवर आठवलं. पण प्रश्न तोंडातून निघून गेला होता.

"सरदारांनी केलं ते बरोबर होतं का?"

पोरांनी मागच्या चटईकडे पाहिलं. साहेबांनी पेन उघडलं.

"बाई, आजोबा ऐकताहेत," फेतू नावाची मुलगी पुटपुटली.

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि घोरायला सुरुवात केली. इतकं खोटं घोरणं बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"चोरीच ती," फेतू म्हणाली. "आणि पळताना त्यांचं कमरेचं सुटलं होतं. ते मोठी माणसं गाळतात."

घोरणं थबकलं, मग पुन्हा सुरू झालं.

"आता शेवट बदला," बाई धीर करून म्हणाल्या.

पोरांनी शेवट सांगितला नाही, करूनच दाखवला. मागची चटई डोक्यावर घेऊन सगळी साहेबांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. तिथली रीतच तशी: अपराध्याकडचे असे बसले की ज्याचं नुकसान झालं त्याने चटई उचलून माफी द्यायची, तोवर कोणी हलत नाही. मागचं घोरणं केव्हाच थांबलं होतं. साहेबांना हसू आवरेना. ते चटई उचलायला वाकले, तर ती कोणीतरी आतून घट्ट धरलेली.

"थांब लेका," आतून लेआफूंचा आवाज आला. "आधी बाईंचं काय ते लिही. मग माफी दे."

साहेबांनी लिहिलं.

"वाच."

"सहाही पायऱ्या उत्तम. बाईंना इथेच ठेवावं."

चटई सैल झाली. बाई सगळ्यांदेखत रडल्या. म्हातारा गुडघे चोळत उठला आणि फेतूला म्हणाला, "कमरेचं सांगायची काय गरज होती गं?"