मालनबाईंची काठवट आणि चिंचेतला खिळा

टण्णकन आवाज आला आणि पटाशी माझ्या हातातून उडता उडता राहिली. मी लेथ बंद केलं. चष्मा पुसून पाहिलं, तर पटाशीच्या धारेला खाच पडली होती आणि काठवटीच्या तळात काहीतरी चकाकत होतं. लोखंड! तोंडातून जी शिवी गेली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मी मूळचा लोखंडाचा माणूस. सोलापुरातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर होतो. केसाएवढा फरक पडला तरी जॉब रिजेक्ट व्हायचा. रिटायर झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडाचं लेथ टाकलं. लेथ म्हणजे आडवं पाडलेलं कुंभाराचं चाक समजा. लाकूड गरागरा फिरतं, आपण त्याला पटाशीची धार टेकवायची आणि आकार काढायचा. वखारीत बुंध्याचे, बेचक्याचे जे वाकडेतिकडे तुकडे सरपणात जातात, ते मी उचलून आणतो आणि त्यांचे वाडगे करतो. लोखंड सांगितल्या मापात राहतं. लाकूड वाकतं, फुगतं, चिरतं. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

ही काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, कुंभारी गावच्या मालनबाईंची होती. मालनबाई आणि त्यांची धाकटी जाऊ पारू, दोघी मिळून ज्वारीच्या भाकऱ्या करतात आणि शहरातल्या खानावळींना देतात. जुनी काठवट फुटल्यापासून त्या स्टीलच्या परातीत पीठ मळत होत्या. परात फरशीवर पळते. एका हाताने ती दाबून धरायची आणि दुसऱ्याने मळायचं. सगळा जोर एका मनगटावर येऊन ते सुजलं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे काम सोडा.

"सोडून काय करू?" पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मलाच विचारलं. "मला दुसरं येतंय काय? जड काठवट पायजे मिस्त्री. जागची हलली न्हाय पायजे. दोनी हात मोकळे झाले की मग बगा."

मी म्हणालो, "एवढा रुंद तुकडा मिळत नाही. चार तुकडे चिकटवून करून देतो. दिसायलाही छान दिसेल."

"दिसायला न्हाय पायजे. आमी ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी वततो. तुमचा सांधा टिकंल का?"

नसता टिकला. म्हणजे अखंड तुकडा शोधणं आलं. शेवटी तो रज्जाकभाईंच्या वखारीत मिळाला. त्यांच्याकडे चिंचेच्या खोडाचे ठोकळे पाडतात, मटणाच्या दुकानांसाठी. चिंच जड आणि चिवट, सुऱ्याच्या घावाला दाद देत नाही. एका खोडाचा बाजूचा जाड फळा सरपणाच्या ढिगात पडला होता. मी तो घरी आणून बाहेरून-आतून जाडजूड कातला आणि त्याच्याच भुशात पुरून, गोणपाटात गुंडाळून अंधाऱ्या खोलीत ठेवला. ओलं लाकूड एकदम पातळ केलं तर सोलापूरच्या उन्हात पापडासारखं तडकतं. आधी जाड कातायचं, सावकाश वाळू द्यायचं आणि मग पुन्हा लेथवर चढवून शेवटचा हात फिरवायचा. यात महिने जातात.

तेवढ्या काळात मालनबाईंचे फोन यायचे. "वाळली का?" शेवटच्या फोनवर म्हणाल्या, "आता डाव्या हातानं मळतीय. तो बी बोलाय लागलाय."

आणि आता शेवटचा हात फिरवताना हा खिळा.

चिंचेत खिळा म्हटल्यावर आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एखाद्याला झपाटलं की मांत्रिक चिंचेच्या बुंध्यात खिळा ठोकतो. भूत तिथे बांधलं गेलं, असं मानतात. पुढे झाड वाढतं आणि खिळा पोटात घेतं. हा जुना, हाताने घडवलेला चौकोनी खिळा होता. भोवतीचं लाकूड शाईसारखं काळंनिळं पडलेलं. चिंचेला लोखंड लागून ओल मिळाली की असा डाग पडतोच, त्यात भुताचा काही हात नसतो.

मी रज्जाकभाईंना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "हौ मास्टर, वो झाड में खिलेच खिले थे. मेरा ब्लेड गया उसमें."

"फिर बोला क्यों नहीं?"

"तुम पूछे कां?"

फोन ठेवला. दुसरा फळा नव्हता आणि पुन्हा तेवढे महिने थांबायला मालनबाईंचा हात तयार नव्हता. खिळा तसाच ठेवला तर गंज पिठात उतरणार. नुसता उपटला तर भोकातून पाणी गळणार. मी खिळा काढला, भोवतीचं काळं लाकूड कोरून तिथे निमुळतं भोक केलं. मग त्याच चिंचेच्या तुकड्याची तशीच निमुळती गुट्टी कातली आणि तापल्या पत्र्यावर ठेवून खडखडीत वाळवली. डिंक अजिबात लावला नाही. कोरडी गुट्टी घट्ट ठोकून बसवायची. पाणी लागलं की ती फुगते आणि भोकात आणखी आवळते. लोखंडाच्या कामात याला आम्ही प्रेस फिट म्हणतो. फक्त लोखंड पाण्याने असं फुगून आवळत नाही.

गुट्टी सुरेख बसली. काळी कड तेवढी राहिली. लाकडाचा डाग म्हणून सहज खपली असती. पण टूलरूममध्ये शिस्त होती, जॉब दुरुस्त केलेला असेल तर इन्स्पेक्टरला आधी सांगायचं. मी मालनबाईंना बोलावलं.

दोघी जावा आल्या. मी खिळा पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. पारू दोन पावलं मागे सरकली.

"आक्का, चला हितनं. खिळलेलं भूत हाय त्यात. कुणी खाईल का आपली भाकरी?"

मालनबाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्या मला म्हणाल्या, "पाणी उकळा."

उकळतं पाणी काठवटीत ओतलं आणि खाली कोरडा कागद ठेवला. बराच वेळ आम्ही तिघे त्या कागदाकडे बघत बसलो. कागद कोरडाच राहिला. मी खूश झालो. मालनबाई अजून झाल्या नव्हत्या. त्यांनी पाणी ओतून दिलं आणि डोळे मिटून तळावरून पंजा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. एका जागी थांबल्या.

"हितं लागतंय. भाकरी थापताना फाटंल."

मी बोट लावलं. गुट्टी फुगून किंचित वर आली होती, अगदी किंचित. मी ओल्यावरच ती तासली, घासली. त्यांनी पुन्हा पंजा फिरवला, पुन्हा मान हलवली, मी पुन्हा घासलं. नोकरीत मोठमोठे इन्स्पेक्टर पाहिले, पण असा हात मी कुणाचा पाहिला नाही. मला त्या बाईचं मनापासून कौतुक वाटलं, आणि ते मी तिथेच बोलूनही दाखवलं.

"आता बरी झाली," एवढंच त्या म्हणाल्या.

"आणि भूत?" पारू दारातूनच म्हणाली.

"असंल तर त्याला म्हणावं, पीठ मळू लाग. तेवढाच माजा हात वाचंल."

"गिऱ्हाईक?"

"त्यास्नी मी सांगीन. लपवायचं न्हाय."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. एका खानावळवाल्याने भाकरी बंद केली. बाकीच्यांनी काठवट बघायला म्हणून चक्कर मारली आणि भाकरी घेऊन गेले. मध्ये मी कुंभारीला गेलो होतो. मालनबाई दोन्ही हातांनी पीठ मळत होत्या. काठवट जागची हलत नव्हती. सूज उतरली होती. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण काम सोडायची भाषा आता डॉक्टरही करत नाहीत म्हणे. मी निघालो तेव्हा पारू परातीतलं पीठ सोडून मालनबाईंच्या मागे लागली होती, "आक्का, आता मला द्या की ती जरा."

धंद्याच्या दृष्टीने मी एवढंच शिकलो. चिंच घेताना रज्जाकभाईंना आधी विचारायचं. आणि मालात खोट निघाली तर ज्याला तो वापरायचा आहे, त्याला पहिल्यांदा दाखवायची. पुष्कळदा तो आपल्यापेक्षा कमी घाबरतो.