किरिवेरा मावशीची हनुवटी

"आधी माझी हनुवटी वाच, मग तोंड उघड," असं किरिवेरा मावशी व्हांगानुई नदीवरच्या प्रत्येकाला सुनवायची. तिथे छिन्नीनं कोरलेला निळा मोको, आमचं गोंदण, होता आणि त्या रेघांत तिचं सगळं कूळ. म्हातारपणी तिला एकच घोर लागला. आपण मेल्यावर उशाशी आपली तसबीर हवी, म्हणजे आम्हा माओरींना कळेल आम्ही कुणासाठी रडतोय.

म्हणून मी तिला होडीतून शहरातल्या गोऱ्या तसबीरवाल्याकडे नेलं. या शहाण्यानं तिची लोकरी शाल काढायला लावली, अंगावर पिसांचा झगा टाकला, हातात लाकडी गदा दिली. तो एकच झगा तसबिरीपुरता अर्ध्या नदीनं पांघरलाय. मीसुद्धा. मी बटाटे लावणारा माणूस, पण माझ्या तसबिरीखाली 'शूर योद्धा' छापून त्यानं ती विकली. आणि मी असा मूर्ख की खूशही झालो होतो.

आठवड्यानं तसबीर आणायला गेलो. त्याच्या कॅमेऱ्यातल्या काचेवर निळा रंग उमटतच नाही. मावशीची हनुवटी कोरी आली होती, म्हणून या बहाद्दरानं कुंचल्यानं मनाला येईल ती नक्षी काढली होती.

"ही कोण रे?" मावशीनं विचारलं.

"तुम्हीच की, आजीबाई!"

"या रेघांवरून ही तर धबधब्याकडची कुणीतरी. तिच्या घरी नेऊन दे, रडतील बिचारे."

"गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?"

"तुझ्या आईला शेजारणीचं नाक लावलं तर तुला पडेल का?"

मी हसलो.

"तू दात काढू नकोस, शूर योद्ध्या."

मग तिनं त्याच्या दिव्याची काजळी तेलात कालवली आणि बोटानं हनुवटीच्या एकेका खाचेत भरली. आरसा लागला नाही. स्वतःची शाल पांघरून ती खुर्चीत बसली. "घे आता."

"शालीतली म्हातारी विकत कोण घेणार?"

"विकायला सांगतंय कोण?"

त्यानं कुरकुरत तसबीर काढली. काचेवरून कागदावर ती उन्हात उतरेपर्यंत मावशी त्याच्या दारातल्या पायरीवरून हलली नाही. रेघा काळ्याभोर उमटल्या, सगळ्या तिच्याच.

विकायला खिडकीत लावलेली ती पहिली तसबीर काढायला मात्र तो तयार होईना.

"राहू दे," मावशी म्हणाली. "मी मेले की तिच्याभोवती बसून तूच रड."

नवी तसबीर छातीशी धरून, हनुवटीवरची काजळी न पुसता, ती भर बाजारातून धक्क्याकडे चालू लागली. तसबीरवाला दारात उभा राहून बघत होता. समोर पाव घ्यायला आलेल्या दोन गोऱ्या बायकाही बघत होत्या, नाकाला रुमाल लावून.