जावयाला चहा, नंबर नाही

मी घरी बसून नोकरी करते हे आमच्या गल्लीला पटायला फार वेळ लागला, आणि आईला त्याहून जास्त. कोणी बाई ओसरीवर येऊन पोरगी कुठं हाय म्हणाली की आई सांगायची, "घरीच हाय. काई करत नाई, फोनवर बोलत बसते." मी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून हे ऐकत असे, आणि त्याच वेळी मंचेरियलच्या एखाद्या माणसाला तेलुगूतून विचारत असे की डॉक्टर सकाळी हवेत की संध्याकाळी. हैदराबादच्या एका कंपनीचे बरेच दवाखाने आहेत, त्यांच्या अपॉइंटमेंट मी फोनवर देते. तेलुगू, हिंदी, मराठी, ज्याला जी येईल ती. पूर्वी हेच काम हैदराबादला ऑफिसात बसून करत होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरून काम करायची परवानगी मागितली, आदिलाबाद जिल्ह्यात जैनथच्या बाजूला असलेल्या आमच्या गावी आले आणि राहिले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मला भावंडं नाहीत, तेव्हा आईजवळ राहणार कोण, तर मीच.

परवानगीला एकच अट होती, इंटरनेटची लाइन चांगली पाहिजे. घेतली तेव्हा ती चांगलीच होती. मग कापसाचा हंगाम आला. कापूस ठासून भरलेला एक टेम्पो वळणावरून गेला तो रस्त्यावर लोंबणारी केबल सोबत घेऊनच गेला. कंपनीच्या माणसानं ती जोडली, टेप गुंडाळली, विहाराजवळच्या खांबाला बांधली, आणि त्या दिवसापासून आमच्या इंटरनेटला दमा लागला. भल्या पहाटे बरं असायचं. माझी कामाची वेळ झाली की धाप. पलीकडचा माणूस हलो हलो करत राहायचा, मी ऐकतेय, बोला म्हणत राहायचे, माझं बोलणं त्याला तुकड्यातुकड्यांनी पोचायचं आणि शेवटी कंटाळून तो फोन ठेवायचा. मोबाइलच्या नेटवर काम करावं तर गच्ची गाठावी लागे, आणि तिथंही कधी आपला टॉवर लागे, कधी पैनगंगेपलीकडचा, महाराष्ट्रातला. भर उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन मी गच्चीवरून लोकांना हृदयाचे डॉक्टर नेमून दिले आहेत. शेजारच्या काकू खालून विचारायच्या, एवढं कोणासंग बोलतं गं.

आमची टीम लीडर भली बाई. तिनं बरंच सांभाळून घेतलं. पण तुटलेला प्रत्येक फोन तिच्याही नावावर लागत होता. शेवटी तिनं सांगितलं की या महिन्याअखेरपर्यंत लाइन सुधारली नाही तर पुढच्या महिन्यापासून तुला ऑफिसात यावं लागेल, माझ्या हातात आता काही नाही. आईला हैदराबादच्या खोलीत नेऊन ठेवायचा विचार मी आधी एकदा बोलून दाखवला होता. तेव्हा तिनं जिन्याचं आणि आपल्या गुडघ्याचं नाव घेऊन साफ नकार दिला होता. म्हणजे मी गेले की ती इथं एकटी. मला जायचं नव्हतं, आणि तिला सोडून तर मुळीच जायचं नव्हतं. मी पदर खोचला.

कंपनीच्या नंबरावर फोन लावला. हे दाबा, ते दाबा, थांबा, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तक्रारीचा क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर तक्रार सोडवली, बंद झाली. कोणी सोडवली? कधी? लाइन तर होती तशीच धापा टाकत होती. पुन्हा तक्रार केली, ती पुन्हा बंद. आणखी एकदा केली, तीही बंद. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पण मी तहसीलच्या कारकुनाची लेक आहे. वडिलांचा सगळा जन्म लोकांच्या दरखास्ती आणि मिसली, म्हणजे अर्ज आणि फायली, सांभाळण्यात गेला. अर्ज कोणीही देतो, त्याची पोच घेतो तो खरा, असं ते म्हणायचे. खालचा ऐकत नसेल तर वरच्याकडे जायचं हेही त्यांचंच. या सगळ्या कंपन्यांच्या वर दिल्लीला एक नियामक बसतो हे मला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी बसून मी त्याला सविस्तर लिहिलं.

उत्तर आलं, आणि सभ्य भाषेत आलं. एकेका ग्राहकाची तक्रार नियामक थेट हाती घेत नाही, ती कंपनीकडे पाठवली आहे, आपण कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागावी. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच दारात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात, आणि माझ्याकडे धड एक महिनाही उरला नव्हता. तरी अपील केलं. त्यांची वाट अशीच जात असेल तर मी त्याच वाटेनं जाईन, पण जाईन.

अपिलाचं उत्तर आलं तेव्हा आम्ही दोघी जेवत होतो. मी फोनवरच वाचलं. प्रत्येक तक्रारीच्या वेळी आमचा माणूस घरी आला, काम केलं, आणि ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवलेला नंबर ग्राहकानं स्वतः सांगून काम झाल्याचं मान्य केलं, सबब तक्रार निकाली, असं लिहिलं होतं. मी तावातावानं आईला म्हणाले की हे लोक किती खोटं बोलतात बघ, कोणी आलं नाही, कोणी नंबर विचारला नाही.

आई भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबली. "नंबर तं मीच सांगतला," ती म्हणाली. "जावई आले होते न."

घर आईच्या नावावर, म्हणून कनेक्शन आईच्या नावावर आणि मोबाइलही तिचाच लिहिलेला. आणि कंपनीचा केबल जोडणारा माणूस आईच्या माहेरच्या गावचा जावई. चाळिशी उलटलेला, दोन पोरींचा बाप, पण माहेरच्या गावचा जावई तो आपला जावई. तो दारात दिसला की आई डोक्यावर पदर घेते आणि चुलीवर चहाचं आधण ठेवते. मी तेव्हा आत, दार लावून, कान झाकून. तो खांबाजवळ जाऊन यायचा, बशीत ओतून चहा प्यायचा आणि म्हणायचा, मावशी, फोनवर नंबर आला असंल, सांगा. आई चष्मा लावून एकेक आकडा वाचून द्यायची. जावयानं मागावं आणि आपण देऊ नये, असं आमच्यात होत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा वळसा तर दिल्लीपर्यंत गेला होता.

मी चिडले, आणि चांगलीच चिडले. मला विचारायचं तरी, म्हणाले. तू कामात होती, ती म्हणाली, आणि तो नंबर नाही दिला तर त्यांना वरून बोलणी बसतात म्हणे. भीड भिकेची बहीण, हे तूच मला शिकवलंस ना, असंही मी ऐकवलं. तिला अजून कळलंच नव्हतं की तिनं नेमकं काय दिलं. आता ते कसं सांगावं? मला सुचलं ते मी तिच्याच बोलीत सांगितलं.

"आई, तो नंबर म्हंजे आंगठा हाय. काम झालं म्हून तू दरवेळी आंगठा देऊन राह्यली."

आईनं ताट बाजूला सारलं.

आई शाळेत गेलेली नाही. लग्नाआधी ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि समोर येईल त्या कागदावर अंगठा द्यायची. त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. लग्न झाल्यावर वडिलांनी तिला आकडे शिकवले, सही शिकवली, आणि ज्या दिवशी सही जमली त्या दिवशी आईनं ठरवलं की यापुढं अंगठा नाही. बँकेत मागं रांग ताटकळत असली तरी ती आपलं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट, सावकाश काढते. शाईचं पॅड पुढं सरकवणाऱ्या एका कारकुनाला तिनं "सही येते मले" म्हणून गप्प केलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. त्या बाईला मी अंगठा दिलास म्हणाले होते. बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. ती उठली, ताट धुतलं, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"पुन्हा टाक दरखास्त," ती म्हणाली. "आन् पोच घे."

मग मी हात धुऊन मागं लागले. कामाच्या वेळात लाइनचा वेग किती पडतो त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. खांबावरच्या त्या टेप गुंडाळलेल्या जोडाचा फोटो काढला. नवी तक्रार केली, अपील अधिकाऱ्याला लिहिलं, त्याची प्रत नियामकाला पाठवली. त्यात स्पष्ट लिहिलं की आधीचे नंबर माझ्या आईनं त्यांचा अर्थ माहीत नसताना सांगितले, काम झालेलं नाही, केबल बदलल्याशिवाय ते होणारही नाही. रोज कामावर बसायच्या आधी अपीलवाल्यांना फोन करायचे. तिथल्या मुलीला माझा आवाज इतका ओळखीचा झाला की ती नाव न विचारताच अजून काही नाही, मॅडम, म्हणू लागली. पोच मात्र मिळाली. ती मी आईला वाचून दाखवली.

जावई आले तेव्हा मी फोनवर होते. तामसी गावची एक बाई नवऱ्याच्या दुखण्याबद्दल विचारत होती. दार अर्धं उघडं होतं. ते खांबाजवळ जाऊन आले, चहा आला, आणि मग नेहमीचं वाक्य आलं.

"मावशी, नंबर सांगा बरं."

"काम झालं का?"

"जोड पक्का केला. होईन आता बरोबर."

"होईन, का झालं?"

ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले की नवी केबल वरून यायची आहे, ती माझ्या हातात नाही, पण तक्रार उघडी राहिली तर वरचे मला धरतील. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तुम्ही वर तेच सांगा, केबल पाहिजे म्हणून, मी काम झालं म्हटलं तर ते केबल पाठवतील कशाला.

"जावयाले नाई म्हणता, मावशी?"

हसत म्हणाले होते, पण हा घाव कुठं बसतो ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. वाटलं, आता आई चष्मा शोधेल.

"जावयाले चहा हाय," आई म्हणाली. "बसा तं जेवण हाय. नंबर नाई. आत माह्या पोरीचं ऑफिस हाय."

तामसीची बाई कानात हलो हलो करत होती. तिला वाटलं आमची लाइन गेली. नेमकी तेव्हाच लाइन छान चालू होती, रडू मला आलं होतं.

जावई अर्धा चहा तसाच ठेवून गेले. दोनच दिवसांत माहेरून मामीचा फोन आला, जावयाला रिकामं पाठवलं म्हणे. हो, आई म्हणाली, पाठवलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती गुडघा चोळत बसली होती. तिला ते लागलं होतं, पण तिनं नंबर दिला नाही, आणि पुन्हा विचारायला आलेल्या जावयालाही नाही. महिना सरत आला. मी एका मैत्रिणीला हैदराबादला खोली बघायला सांगून ठेवलं, आणि अपीलवाल्यांना फोन करणं काही सोडलं नाही. तक्रार उघडीच होती. एक दिवस तिकडूनच तेलुगूतून फोन आला. कोणी साहेब होते. तुमची तक्रार बंद का होत नाही, त्यांनी विचारलं. काम होत नाही म्हणून, मी म्हणाले.

महिना संपायच्या आत आदिलाबादहून केबलचं भेंडोळं घेऊन गाडी आली. वळणावर नवा उंच खांब रोवला, खालून कापसाची गाडी जाईल एवढा. शिडीवर स्वतः जावई चढले होते. काम आटोपून ओसरीवर येऊन बसले, चहा प्यायले, पण नंबराचा विषय काढला नाही. आईनंच मला हाक मारली. आधी लाइन तपासून बघ, म्हणाली.

मी तिच्यासमोर एक फोन घेतला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी गाव सांगितलं, दुखणं सांगितलं, सुनेबद्दलही बरंच सांगितलं, आणि त्यातला एक शब्द तुटला नाही. मी मान हलवली. तेव्हा आईनं चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि एकेक आकडा सही काढावी तसा सावकाश सांगितला. जावयांनी घाई केली नाही.

त्याच दुपारी शेजारच्या काकू आल्या. पोरगी घरीच हाय का, असं त्यांनी ओसरीतूनच विचारलं. मी कानावरून हेडफोन थोडा सरकवला.

"नाई," आई म्हणाली. "ऑफिसात हाय. सहाले सुटंल, तवा ये."