साहेबाचा कोट आन् आजीचं इरकल

या, अशा जवळ सरका. न्हावऱ्यातनं गाडी भुर्रकन पुढं नेता, आन् आमच्या दारात दोन मिनटं टेकायला सवड न्हाई व्हय? बसा आता. चहा होईस्तोवर एका चित्राचं सांगते.

माझी भाची, भावाची पोरगी, चित्रं काढते. इंग्रजांच्या राज्यात आपली माणसं कशी जगली, त्यातनं आपला देश म्हणून काय उभं राहिलं, हेच तिच्या चित्रांत असतं. उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडं राहिली. गोठ्याशेजारची कांद्याची खोली मी झाडून दिली, तिथं तिनं भिंतभर कापड ताणलं.

ते चित्र होतं माझ्या आजीचं. माहेर आमचं दौंडचं. आजी तिथं रेल्वेच्या लाइनीवर खडीच्या पाट्या वाहायची. भाचीच्या मोबाइलात त्या काळचा फोटो होता. कोट-टोपीतला साहेब रुळावर ऐटीत उभा, मागं पाट्या घेतलेल्या बायका. साहेबाच्या मिशा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, बायकांची तोंडं नुसती पुसट.

"आत्या, यांना मला चेहरा द्यायचाय. पणजीचा फोटो आहे का?"

"तिला कोण फोटोला उभं करतंय?"

"मग तू बस. बाबा म्हणतात, तू तिच्यासारखीच दिसतेस."

दुसऱ्या दिवशी मी न्हाऊन, पावडर लावून, पैठणी नेसून, नथ घालून हजर. फोटोला बसायचं म्हंजी आम्ही असंच बसतो. धाकटी जाऊबी शालू नेसून मागं उभी, "माझाबी काढ गं."

भाचीनं कपाळाला हात लावला. "आत्या, लग्नाला निघालीस का? ती खडी वाहत होती! जुनं फाटकं लुगडं नेस."

"न्हाई नेसायची."

"अगं, खरं तेच होतं ना?"

"खरं होतं. पण साहेब तरी काय कोट घालून झोपत होता? फोटोच्या दिवशी घातला त्यानं. मग आज माझ्या आजीच्या फोटोचा दिवस हाय. इतक्या वर्षांनी आला, आन् तिनं फाटकं नेसून उभं राहायचं? लोक बघून चुकचुकणार. तिला खपलं नसतं."

दोन दिवस अबोला. पोरगी जेवायला यायची, "मीठ" म्हणायची, उठून जायची. मला एकच घोर. ही बॅग भरून गेली, तर आजी पुन्हा त्या फोटोत पुसटच राहायची.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मीच बोलले. आजीच्या ट्रंकेत एक हिरवं इरकल लुगडं होतं. कामावर फाटकं नेसायची. पण बाजाराच्या दिवशी ते इरकल नेसून साहेबाच्या बंगल्यावरनं जायची. दुसरा जवळचा रस्ता होता तरी. आन् बंगला आला की चाल मुद्दाम हळू करायची.

भाचीचा घास हातातच राहिला. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा? तू आपली खडीचंच इचारत बसलीस."

ती खरकट्या हातानंच उठली.

आता चित्रात आजीच्या अंगावर हिरवं इरकल हाय, लाल काठाचं. डोक्यावर खडीची पाटी, ती भाचीनं सोडली न्हाई. हातावर ओरखडेबी हायेत, आन् तेवढं मी तिचं ऐकलं. साहेब मागं, पुसट. जावेनं बघितलं आन् म्हणाली, "अक्का, नाक तुमचंच. पण एवढं गप तुम्ही कवा बसता?"

दिवाळी झाली की चित्र मुंबईला प्रदर्शनात जाणार. तवर त्याच खोलीत हाय, कांदा आम्ही पडवीत टाकलाय. उभ्या जन्मात आजीला कुणी मुद्दाम बघायला आलं न्हवतं. तवा दिवाळीच्या आत पुन्हा या, घरातल्या सगळ्यांना घेऊन या. आन् येताना जरा बरं नेसून या.