वाटीवरची शीग

श्रीरामपुरात आमच्या शेजारी एक निवृत्त नर्स राहायच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. दर नाताळाला त्यांच्या घरून गल्लीत केक यायचा. नव्वदच्या दशकातल्या एका डिसेंबरात त्यांचा उजवा हात मोडला, आणि नेमकी त्याच नाताळाला त्यांची नवी सून पहिल्यांदा घरी येणार होती. "तिच्यापुढं बेकरीतला केक ठेवायचा म्हणजे..." त्या म्हणाल्या. मी लगेच म्हटलं, मी करते. मी शाळेत गणित शिकवायचे. वहीत बघून केक करणं मला हातचा मळ वाटला.

वही जुनी, त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली. चार कप मैदा, कप आठ औंसांचा, आणि ओव्हन साडेतीनशे फॅरनहाइट. आमच्याकडे कप म्हणजे चहाचा. मग मी लेकीची दुधाची बाटली काढली, तिच्यावर औंसांच्या खुणा होत्या. आठ औंस पाणी मोजून घरातल्या एकेका वाटीत ओतून पाहिलं. आमटीची एक वाटी बरोबर काठोकाठ भरली. साडेतीनशेतून बत्तीस वजा, पाचनं गुणून नऊनं भागलं, एकशे सत्त्याहत्तर सेल्सिअस आले. हे उत्तर घेऊन सिस्टरांकडून आणलेल्या ओव्हनपुढे गेले, तर त्या गोल ॲल्युमिनियमच्या डब्याला एक वायर आणि झाकणाला एक काच. बाकी काही नाही.

सिस्टरांना सांगितलं, तर त्या हसल्या. "ताटलीत चिमूटभर मैदा घालून आत ठेव. पाच मिनिटांत बदामी झाला, की तुझे एकशे सत्त्याहत्तर आले म्हणायचं." माझं एवढं गणित चिमटीत बसलं, याचा मला रागच आला.

चोवीस तारखेला सकाळी मी अंडी फेटायला बसले आणि मैदा मोजायचं काम सासूबाईंना दिलं. केक निघाला तो वरून तडकलेला, आत ठणठणीत कोरडा. सुरी जाईना. मी ओव्हनला शिव्या घातल्या.

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई म्हणाल्या.

मग मी त्यांना मैदा कसा मोजला ते दाखवायला सांगितलं. त्यांनी वाटी भरली, आणि वर मावेल तेवढी शीग लावली. चार वाट्यांत जवळजवळ एक वाटी मैदा जास्त गेला होता.

"सपाट करायची होती ना! एवढं साधं माप कळत नाही?" मी ओरडले. भिंतीपलीकडे सिस्टरांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले.

सासूबाई नेवाशाकडच्या, शेतकऱ्याघरच्या. त्या काही चिडल्या नाहीत. "मापावरनं हात फिरवून मी आजवर कुनाला दाना दिला न्हाई. हे तर दुसऱ्याच्या घरचं सणाचं हाय, नवी सून यायचीय. तिच्या वाट्याचं कापू व्हय? तू काप. माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

मी दुसऱ्या केकचा मैदा घेतला आणि कापलं. सुरीची पाठ फिरवून चारी वाट्या सपाट केल्या, शीग ताटात पडली. या वेळी केक फुलला, बदामी झाला. मला इतकं हायसं वाटलं की ओट्याला टेकून थोडं रडून घेतलं. सासूबाईंशी मात्र बोलले नाही.

संध्याकाळी केक घेऊन निघाले, तर त्या मागोमाग आल्या. हातात झाकलेलं भांडं. सिस्टरांच्या दारात त्यांनी ते पुढं केलं. "ह्ये बी तुमचंच हाय. शीग हाय."

आत मी सुरीनं उतरवलेला मैदा होता, चाळून घेतलेला.

सिस्टरांचं माहेरही नेवाशाकडचंच. शीग ओळखून त्यांनी डाव्या हातानं ते भांडं कपाळाला लावलं, आत जाऊन मैदा आपल्या डब्यात ओतला, आणि बाहेर येऊन आधी सासूबाईंचा हात धरला. मी केक घेऊन उभी होते. सकाळी मी कुणावर ओरडले होते ते त्या दोघींनाही माहीत होतं, आणि मला मान वर करवेना.